निवडुंगाचा केवडा

नर्सरीच्या फळीवर हल्ली एक छोटं निवडुंग हमखास दिसतं. खाली तीन धारांचा हिरवा खांब आणि त्याच्या डोक्यावर लालभडक, नारिंगी किंवा हळदी पिवळा गोळा. ‘मून कॅक्टस’ या नावाने तो खपतो. घेणाऱ्यांतल्या अनेकांना वरचा गोळा फूल वाटतो. तो फूल नाही. ते वेगळ्याच जातीचं अख्खं निवडुंग आहे, खालच्या निवडुंगावर कलम करून बसवलेलं. वरच्याच्या अंगात हरितद्रव्य नाही, त्यामुळे त्याला स्वतःचं अन्न करता येत नाही. खालचा खांब जे कमावतो त्यावर दोघांचा संसार चालतो.

या गोळ्याची जन्मकथा जपानमधली. जिम्नोकॅलिसियम मिहानोविची ही मूळची दक्षिण अमेरिकेतली, पॅराग्वे आणि उत्तर अर्जेंटिनाच्या चाको प्रदेशातली जात. रंगाने करडी-हिरवी, कुणी वळून पाहू नये इतकी साधी. 1941च्या सुमारास एजी वातानाबे या जपानी रोपवाटिकाकाराला बियांपासून उगवलेल्या हजारो रोपांत एक-दोन रोपं लाल दिसली. हरितद्रव्य नसलेली अशी रोपं बियांतली शिदोरी संपली की मरतात. वातानाबेंनी ती वेळेत हिरव्या खुंटावर चढवली आणि ती जगली. ‘हिबोतान’ या नावाने ती प्रसिद्ध झाली. पुढे दक्षिण कोरियाने या कलमांचा मोठा निर्यात व्यापार उभा केला. ग्योंगी प्रांतातल्या गोयांग शहरात निवडुंगांवर काम करणारी स्वतंत्र संशोधन संस्था आहे. नवनव्या रंगांचे वाण कोरियात पैदाशीतून काढले जातात आणि नेदरलँड्स, अमेरिकेपर्यंत जातात. आपल्याकडे कलमी निवडुंगांसाठी कालिम्पाँगच्या नर्सऱ्यांचं नाव आहे.

वरच्या गोळ्याचा पिवळा रंग बीटालेन गटातल्या रंगद्रव्यांचा असतो. बीटरूटचा लाल रंगही याच गटातला. हा पिवळा आपण पैसे देऊन विकत घेतो. पण घरी आणल्यावर वर्ष-दीड वर्षाने खालचा हिरवा खांबही पिवळा पडू लागतो, आणि हा पिवळा विकतचा नसतो. मग फोटो काढून कुणालातरी पाठवला जातो, आणि बहुतेक वेळा एकच सल्ला परत येतो: लोह कमी पडलंय, आयर्न द्या. लेख लिहायला घेतला तो या सल्ल्यामुळे. कारण तो कधी अगदी बरोबर असतो, कधी साफ चुकीचा असतो, आणि बरोबर असतानाही ज्या रीतीने पाळला जातो त्या रीतीने फार वेळा निरुपयोगी ठरतो.

लोह आणि हिरवेपणा यांचं नातं सापडलं ते फ्रान्समध्ये. शातियों-स्यूर-सेन या गावचे रसायनशास्त्राचे शिक्षक युझेब ग्रिस यांनी 1843-44च्या सुमारास पिवळ्या पडलेल्या झाडांना लोहाचे विद्राव्य क्षार दिले, मुळांतून आणि पानांवरूनही, आणि झाडं हिरवी झाली. पुढे त्यांचे चिरंजीव आर्थर ग्रिस यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तेव्हा लोह न मिळालेल्या पानांतली हरितलवकंच नीट घडलेली नाहीत हे दिसलं. 1860च्या दशकापर्यंत युलिउस झाक्स यांच्यासारखे शास्त्रज्ञ मातीविना, निव्वळ पाण्यात झाडं वाढवून लोह अपरिहार्य असल्याचं दाखवू लागले होते.

गमतीची बाब अशी की हरितद्रव्याच्या रेणूत लोह नसतंच. त्याच्या मध्यभागी मॅग्नेशियम असतं. लोह लागतं ते तो रेणू घडवायला. रेणूचं पाचवं कडं ज्या टप्प्यावर बंद होतं, तिथलं विकर लोहावाचून चालत नाही. शिवाय हरितलवकात इलेक्ट्रॉन पुढे सरकवणारी जी साखळी असते, ती जागोजागी लोहाची असते. फोटोसिस्टिम-एक या नावाच्या एकाच संकुलात लोहाचे 12 अणू बसलेले असतात. पानातल्या एकूण लोहापैकी साधारण 80 टक्के लोह हरितलवकांत सापडतं ते यामुळेच. मून कॅक्टसच्या वरच्या गोळ्याला हरितद्रव्य नको असलं तरी श्वसनासाठी थोडं लोह त्यालाही लागतं. खरी भूक मात्र खालच्या हिरव्या खुंटाची.

निदानाच्या दृष्टीने लोहाचा एक गुण सगळ्यात महत्त्वाचा आहे. नत्र किंवा मॅग्नेशियम कमी पडलं तर झाड जुन्या पानांतून ते काढून नव्या पानांना पुरवतं, म्हणून आधी जुनी पानं पिवळी पडतात. लोहाचं तसं होत नाही. एकदा ज्या पेशीत ते रुजलं तिथून ते सहजासहजी निघत नाही. म्हणून लोहाची उणीव कोवळ्या वाढीवर उमटते आणि जुनी पानं हिरवीच राहतात. उसाच्या शेतकऱ्याला हे नवीन नाही. चुनखडीच्या रानात खोडव्याची सुरळीतली पानं पिवळी-पांढरट निघतात आणि खालची हिरवी असतात. त्याला तो केवडा पडला म्हणतो.

निवडुंगाला पानंच नाहीत, तर कोवळं-जुनं कसं ओळखायचं? गोल आणि खांबासारख्या निवडुंगांची वाढ माथ्यावरच्या एका बिंदूतून होते. नव्या कड्या, नवे काटे तिथूनच निघतात आणि जुनं अंग हळूहळू खाली ढकललं जातं. तेव्हा माथा हे कोवळं पान आणि बुड हे जुनं पान. ख्रिसमस कॅक्टससारख्या जातीत टोकाचा शेवटचा चपटा पेर हे कोवळं पान. माथा फिकट पिवळा आणि त्याखालचं अंग ठणठणीत हिरवं, अशी रचना दिसली तर लोहाचा संशय घ्यावा. त्यातही सावधपणा हवा, कारण निरोगी निवडुंगाचा माथाही वाढीच्या दिवसांत थोडा पोपटी असतोच. तो काही आठवड्यांत गडद होतो. महिने उलटले तरी गडद होत नाही आणि वाढ खुरटते, तेव्हाच त्याला दुखणं म्हणायचं.

बाकीचे पिवळे वेगळे. बुडाकडून वर चढणारा, हात लावला तर मऊ लागणारा पिवळा म्हणजे मूळकूज. तिथे खताचा विचारही करू नये. एका बाजूला, तेही नैर्ऋत्येच्या किंवा पश्चिमेच्या अंगाला, पांढुरका-पिवळा डाग पडून तो पुढे खपलीसारखा कडक झाला तर ते ऊन लागल्याचं लक्षण. माथ्याभोवती बारीक ठिपक्यांनी आलेला गंजकट पिवळेपणा बहुधा लाल कोळ्याचा असतो. संपूर्ण अंग एकसारखं फिकट आणि वाढ थांबलेली असेल तर झाड कुंडीतून काढून मुळं पाहावीत. मुळांवरचा पिठ्या ढेकूण वरून कधीच दिसत नाही, पांढरा कापूस दिसतो तो माती झटकल्यावर. वर्षानुवर्षं कुंडी बदलली नसेल तर नत्राचीच उपासमार असू शकते. घरात कपाटावर ठेवलेलं निवडुंग लांबोडकं आणि फिकट होतं, त्याला फक्त उजेड हवा असतो. या सगळ्यांना लोह दिल्याने काही होत नाही. उलट मुळकुजीच्या झाडाला आणखी पाणी मिळतं आणि ते लवकर जातं.

समजा, लक्षणं खरोखर लोहाची आहेत. तर कुंडीत लोह नाही का? जवळजवळ नेहमी असतं, भरपूर असतं. पृथ्वीच्या कवचात वजनाने सुमारे 5 टक्के लोहच आहे. दख्खनच्या बेसॉल्ट खडकात तर लोहाच्या ऑक्साइडांचं प्रमाण दहा टक्क्यांच्या वर जातं. त्या खडकापासून देशावर काळी माती झाली आणि कोकणात जांभा झाला. कोकणातली माती आम्ल आहे, पाऊस चुना धुऊन नेतो. तिथे लोहाची टंचाई क्वचित. देशावर पाऊस कमी, चुना जमिनीतच राहतो, मातीचा सामू 8च्या पुढे जातो, आणि लोहाने भरलेल्या त्या मातीत उभ्या उसाला केवडा पडतो. फेरिक रूपातल्या लोहाची विद्राव्यता सामू एकाने वाढला की हजार पटींनी घटते. सामू 6 असलेल्या मातीतलं आणि 8 असलेल्या मातीतलं लोह वजनाने सारखंच असेल, पण मुळाला जे मिळतं त्यात दहा लाख पटींचा फरक पडू शकतो. म्हणून माती परीक्षणात एकूण लोह मोजत नाहीत. डीटीपीए या रसायनाने जेवढं सुटून येतं तेवढंच मोजतात, आणि ते 4.5 पीपीएमच्या खाली असेल तर अहवालात ‘कमी’ असा शेरा येतो.

झाडं या टंचाईपुढे हात जोडून बसत नाहीत. होर्स्ट मार्शनर आणि फोल्कर रोमहेल्ड यांनी 1980च्या दशकात झाडांच्या दोन रीती वेगळ्या करून मांडल्या. गवतकुळातली झाडं, म्हणजे ऊस, ज्वारी, भात, लोहाला पकडून आणणारी संयुगं मुळातून बाहेर सोडतात. सेई-इची ताकागी या जपानी शास्त्रज्ञाने 1976 साली हा प्रकार उघड केला होता. बाकीची झाडं, त्यांत निवडुंगंही आली, मुळाभोवतालची माती आम्ल करतात, मुळाच्या पृष्ठभागावर फेरिक लोहाचं फेरस करतात आणि मग ते आत घेतात. या दुसऱ्या रीतीचा मोठा शत्रू म्हणजे पाण्यातलं बायकार्बोनेट. मूळ जेवढं आम्ल सोडतं तेवढं ते जागच्या जागी मारून टाकतं.

कुंडीतल्या निवडुंगाचा खरा खलनायक मला इथे दिसतो. आपण माती चांगली निवडतो, वाळू धुऊन घेतो, विटांचा चुरा चाळतो, आणि मग वर्षभर बोअरचं पाणी घालतो. साधा हिशोब करून पाहा. पाण्यात लिटरमागे 300 मिलिग्रॅम बायकार्बोनेट आहे असं धरू. बेसॉल्टमधल्या बोअरला हे काही फार नाही. छोट्या कुंडीला आठवड्याला 200 मिलिलिटर पाणी घातलं तर वर्षाला साधारण दहा लिटर होतं. त्यातून कुंडीत अडीच ग्रॅम चुनखडीइतका अल्क जमतो. लिटरभर मातीच्या कुंडीत तीन वर्षांनी साडेसात ग्रॅम. निवडुंगाची कुंडी आपण कोरडी ठेवतो, खालून पाणी वाहू देत नाही, त्यामुळे ते बाहेरही जात नाही. कुंडीच्या काठावर आणि झाडाच्या बुडाशी पांढरी खपली बसते ती याचीच. खरेदी केल्यावर वर्ष-दीड वर्षाने पिवळेपणा का सुरू होतो, त्याचं एक उत्तर या खपलीत आहे.

अलीकडे यात आणखी एक भर पडली आहे. पाणी वाया जाऊ नये म्हणून आरओ यंत्राचं टाकाऊ पाणी बादलीत साठवून झाडांना घालायची पद्धत घरोघरी रूढ झाली आहे. हेतू चांगला आहे. पण यंत्राने जे क्षार आपल्या पिण्याच्या पाण्यातून काढले, ते सगळे त्या बादलीत असतात, मूळ पाण्यापेक्षाही दाट. त्या पाण्याने फरशी पुसावी, संडास धुवावा. कुंडीतल्या निवडुंगाला ते घालू नये.

सगळी निवडुंगं मात्र याला सारखीच बळी पडत नाहीत, आणि हा विषय मला इथे सर्वांत देखणा वाटतो. मेक्सिकोतल्या अ‍ॅस्ट्रोफायटम, एरिओकार्पस यांसारख्या जाती चुनखडीच्या टेकड्यांवरच वाढलेल्या आहेत. न्युव्हो लिऑन राज्यातला अ‍ॅझ्टेकियम तर जिप्समच्या उभ्या कड्यांना चिकटून जगतो. लाखो वर्षं चुन्यात राहिलेल्या या कुळांना आपल्या बोअरचं पाणी फारसं अपरिचित नाही. दुसऱ्या टोकाला शलुम्बर्गेरा, म्हणजे आपला ख्रिसमस कॅक्टस. आग्नेय ब्राझीलच्या ओल्या डोंगररानांत, झाडांच्या फांद्यांवर साठलेल्या पालापाचोळ्यात आणि शेवाळात तो वाढतो. तिथलं पाणी म्हणजे पाऊस आणि धुकं; चुन्याचा कण नाही. त्याला चुनखडीचं पाणी घातलं की टोकाचे पेर पिवळे पडतात आणि कळ्या गळतात. मून कॅक्टसचा खुंट सेलेनिसेरिअस कुळातला, पूर्वी हायलोसेरिअस म्हणत तो. हाही मध्य अमेरिकेच्या रानात झाडांवर चढणारा, पालापाचोळ्यात मुळं सोडणारा वेल. वाळवंटाचा रहिवासी तो नव्हे. आपण मात्र दोघांनाही ‘कॅक्टस’ म्हणून एकाच फळीवर, एकाच मातीत ठेवतो आणि एकाच झारीने पाणी घालतो.

खुंट ठरवतो की लोह मिळणार की नाही, हा धडा जगाने द्राक्षात शिकला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलॉक्सेरा किडीने युरोपातले मळे पोखरले, तेव्हा अमेरिकन खुंटांवर कलमं करणं हा उपाय निघाला. कीड हटली, पण फ्रान्सच्या चुनखडी भागांत ती कलमं पिवळी पडून मरू लागली. 1887 साली फ्रेंच सरकारने पिएर व्हिअला यांना चुन्यात टिकणारा खुंट शोधायला अमेरिकेला पाठवलं. टेक्सासमधल्या डेनिसनच्या टी. व्ही. मन्सन यांनी त्यांना चुनखडीच्या टेकड्यांवरची व्हायटिस बर्लांडिएरी ही जात दाखवली, आणि पुढचे कित्येक खुंट तिच्या संकरातून आले. नाशिक, सांगली, सोलापूरच्या बागांत आज जो डॉगरिज खुंट सर्रास दिसतो, तोही टेक्सासच्याच रानद्राक्षाचा. आपल्या द्राक्षबागायतदाराला खुंटाचं महत्त्व सांगावं लागत नाही. मून कॅक्टस विकत घेणाऱ्याला मात्र कुणी सांगत नाही की तू रंगीत गोळा घेतो आहेस, पण सांभाळायचा आहे तो खुंट.

आता लोह किती आणि कसं द्यायचं. घरगुती उपाय म्हणून कुंडीत गंजलेले खिळे पुरतात. गंज म्हणजे लोहाचं ऑक्साइड, म्हणजे मातीत आधीच ढिगाने असलेलं आणि मुळाला न मिळणारं तेच रूप. खिळ्यांनी काही बिघडत नाही, काही घडतही नाही. दुसरा उपाय हिराकशीचा, म्हणजे फेरस सल्फेटचा. त्यात 19-20 टक्के लोह असतं, ते स्वस्त आहे आणि सुरुवातीला विद्राव्यही आहे. पण चुन्याच्या मातीत पडल्यावर हवेशी आणि अल्काशी संयोग होऊन थोड्याच काळात त्याचा गंज होतो. बादलीत विरघळवून ठेवलेलं हिरवट पाणी तांबूस होतं, ते हेच. ऊस उत्पादकाला कृषी विद्यापीठं हेक्टरी 25 किलो हिराकस थेट टाकायला न सांगता शेणखतात काही दिवस मुरवून द्यायला सांगतात त्यामागे हेच कारण आहे: शेणखतातली सेंद्रिय आम्लं लोहाला धरून ठेवतात. कुंडीत चिमूटभर हिराकस थेट टाकली तर ती आधी मुळं पोळते आणि नंतर निकामी होते.

हीच धरून ठेवण्याची कल्पना प्रयोगशाळेतून आली ती चिलेटच्या रूपात. फ्लोरिडातल्या लिंबूवर्गीय बागांत आयव्हन स्टुअर्ट आणि सी. डी. लेनर्ड यांनी 1950च्या दशकाच्या आरंभी लोहाचं ईडीटीए चिलेट देऊन पिवळ्या बागा हिरव्या केल्या, आणि तेव्हापासून हा मार्ग खुला झाला. पण फ्लोरिडातल्या त्या बागांची वाळू आम्ल होती. ईडीटीएची पकड सामू 6 ते 6.5पर्यंतच घट्ट राहते; त्यापुढे कॅल्शियम लोहाला हुसकावून स्वतः तिथे बसतं. डीटीपीए 7 ते 7.5पर्यंत चालतं. त्याच्या वर, म्हणजे देशावरच्या कुंड्यांत खरं काम करतं ते ईडीडीएचए, गडद लाल रंगाचं. आपल्याकडे कृषी सेवा केंद्रात ‘चिलेटेड फेरस’ मागितलं की बहुधा 12 टक्क्यांचं ईडीटीए हाती पडतं, पिवळसर भुकटीचं. ते वाईट नाही, पण चुन्याने भरलेल्या कुंडीत त्यातलं बरंचसं वाया जातं. पाकिटावर ईडीडीएचए आणि 6 टक्के असं लिहिलेलं शोधून घ्यावं. महाग असतं, पण निवडुंगाला लागतं किती!

कुंडीतल्या झाडांच्या नेहमीच्या खतपाण्यात लोह लिटरमागे 1 ते 3 मिलिग्रॅम असावं असा प्रघात आहे. निवडुंग सावकाश वाढतं, त्याला यातला खालचा आकडा पुरे. घरच्या तराजूवर एवढं मोजता येत नाही, म्हणून 6 टक्क्यांचं ईडीडीएचए 1 ग्रॅम घेऊन लिटरभर पाण्यात विरघळवावं आणि ती बाटली अंधारात ठेवावी, कारण उजेडात चिलेट फुटतं. पाणी घालताना या बाटलीतलं 20 मिलिलिटर द्रावण एक लिटर पाण्यात मिसळलं की लिटरमागे 1.2 मिलिग्रॅम लोह होतं. वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा एवढं बास. पिवळेपणा पक्का लोहाचाच असेल तर व्यावसायिक रोपवाटिका एकदाच लिटरमागे 20 मिलिग्रॅमच्या आसपास जोरदार मात्रा मुळाशी देतात. निवडुंगाला मी याच्या निम्म्यावर थांबेन, आणि अंगावर उडालेलं लगेच धुऊन टाकेन. मेणचट, पांढुरक्या पापुद्र्याच्या जातींवर डाग कायमचा राहतो.

मात्रा वाढवत नेली तर काय होतं? लोहाची उणीव असते तोवर थोड्या लोहानेही वाढ आणि हिरवेपणा दोन्ही झपाट्याने सुधारतात. गरज भागली की पुढच्या लोहाने काहीच वाढत नाही. झाड आधी होतं त्यापेक्षा अधिक हिरवं होत नाही. आणखी पुढे गेलं की नुकसान सुरू होतं. मोकळं लोह पेशीत घातक ऑक्सिजन-रेणू तयार करतं, मुळांची टोकं तपकिरी पडतात, पाणथळ भातशेतीत पानांवर येते तशी तांबूस छटा येते. आणि लोह जास्त झालं की मँगनीज आत जाणं अडतं. मँगनीज कमी पडल्याचं लक्षण म्हणजे पुन्हा कोवळ्या वाढीचा पिवळेपणाच. मग माणूस म्हणतो, अजून फरक नाही, आणखी लोह द्या. या चक्रात गेलेली झाडं वाचवणं अवघड असतं. शिवाय कोकणातल्या किंवा निव्वळ कोकोपीट आणि पालापाचोळ्याच्या आम्ल माध्यमात हे लवकर होतं, कारण तिथे दिलेलं सगळं लोह मुळाला मिळतं. तीच मात्रा सोलापुरात अपुरी आणि सावंतवाडीत विषारी ठरू शकते.

म्हणून माझं मत असं की लोहाच्या पाकिटाआधी पाण्याकडे वळावं. पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी ड्रममध्ये धरून ठेवलं तर दहा-वीस कुंड्यांचा उन्हाळा त्यावर निघतो. निवडुंगाला पाणी लागतंच कमी. ते जमत नसेल तर पाण्याची धार आम्लाने मोडता येते. वर धरलेल्या 300 मिलिग्रॅम बायकार्बोनेटच्या पाण्याला लिटरमागे पाव ग्रॅम सायट्रिक आम्ल, म्हणजे वाण्याकडचं लिंबूसत्व, पुरतं. बायकार्बोनेट किती आहे हे पाणी तपासून कळतं. अंदाजाने आम्ल ओतू नये. आणि दर दोन वर्षांनी माती बदलावी. नव्या मातीत नवं लोह येतं म्हणून नव्हे. जुना चुना बाहेर जातो म्हणून.

वेळेचंही भान हवं. लोह घेण्याची ताकद मुळांच्या ताज्या टोकांत असते. कोरड्यात झोपलेल्या निवडुंगाला अशी टोकंच नसतात. चिघळलेल्या, हवा न खेळणाऱ्या ओल्या मातीतही ती काम करत नाहीत. ऐन पावसाळ्यात माथा फिकट दिसला तर आधी निचरा पाहावा. कोरडा काळ संपल्यावर पहिलं पाणी साधं द्यावं, नवी मुळं फुटू द्यावीत, आणि मग लोह. परिणाम दिसायला वेळ लागतो, कारण नवी कडी निघून हिरवी व्हायला हवी. आधीच पिवळं पडलेलं अंग पूर्ववत होईलच असं नाही. खात्रीच करायची असेल तर एकाच जातीच्या दोन सारख्या कुंड्यांपैकी एकीला लोह द्यावं, दुसरीला नाही, आणि एक अख्खा वाढीचा हंगाम थांबावं.

मून कॅक्टसच्या खुंटात मात्र एक अडचण आहे. कलम करताना खुंटाचा माथा कापून टाकलेला असतो. म्हणजे लोहाची उणीव जिथे आधी दिसायची तो भागच त्याच्याकडे नाही. कोवळं अंग नसलेला तो खांब बाजूने पिवळा पडत असेल तर लोह हा पहिला संशयित राहत नाही. थंडी आधी पाहावी. हा वेल उष्ण रानातला आहे, पारा दहाच्या खाली गेला आणि माती ओली असली की तो कुजतो; निफाडच्या हिवाळ्यात तो घरात घ्यावा. ऊन पाहावं. ड्रॅगन फ्रूट लावणारे शेतकरी हे नीट ओळखतात, कारण त्यांचं पीक म्हणजे याच कुळातला वेल. एप्रिल-मेच्या झळांनी या वेलांच्या फांद्या पिवळ्या पडतात आणि करपतात; त्यावर उपाय सावलीचा, खताचा नव्हे. गॅलरीतल्या मून कॅक्टसलाही तोच नियम. सकाळचं कोवळं ऊन, दुपारी आडोसा. शिवाय गोळा वाढत जातो आणि खुंट तेवढाच राहतो, त्यामुळे काही वर्षांनी खुंट थकतो. त्या थकव्यावर कुठलंच खत नाही.

तेव्हा गोळा अजून टणक असतानाच त्याला नवा खुंट द्यावा. फेब्रुवारी-मार्च किंवा पाऊस सरल्यावरचे दिवस चांगले. मुळं धरलेला, गर्द हिरवा तिधारी कोंब घ्यावा, धारदार स्वच्छ पात्याने सपाट कापावा आणि तिन्ही धारा किंचित तिरक्या छाटाव्यात, कारण साल आक्रसली की मध्य खोल जातो. गोळ्याचा तळही ताजा कापावा. दोन्ही कापांत मध्यभागी फिकट कडं दिसतं. ती कडी एकमेकांवर निदान काही भागात तरी बसली पाहिजेत, नाहीतर कलम धरत नाही. वरून कुंडीखालून रबरबँड घालून सावलीत कोरडं ठेवावं. साधारण दोन आठवड्यांत रबर काढता येतं. कलम धरलं की खुंटाच्या धारेवरून हिरवे कोंब फुटू लागतात आणि ते गोळ्याचं अन्न खातात म्हणून सगळे जण दिसताक्षणी मोडतात. त्यांतला एक कोंब दोन बोटं होईपर्यंत ठेवावा. खुंटाची कोवळी वाढ पाहायला मिळते ती एवढीच. तो गर्द हिरवा निघाला तर लोहाची बाटली कपाटातच राहू द्यावी. पिवळट निघाला तर आधी पाणी बदलावं, मग 20 मिलिलिटर, आणि पुढचा कोंब कसा येतो ते पाहून मगच तो मोडावा.